नऊ घंटांची मंडळी

जकार्डच्या चौकटी कागदामागं
आम्ही एक देश काढलाय.
पुढं मोर आहे, अर्धाच,
गिऱ्हाइकानं नाकारलेला चादरीचा नमुना.
मागं वेल्हार: तीन नद्या, एक मिठाचा डोंगर,
आणि मधोमध, राजेश्वरीच्या हट्टापायी,
नऊ घंटांची मंडळी.

अशोक चौकाच्या मागं, इरण्णाच्या कारखान्यात,
माग बंद असतात त्या दुपारी बसतो आम्ही.
पंख्याच्या पात्यांवर कापसाची लव,
वर्तमानपत्रावर शेंगाचटणी,
कडक भाकरीचे तुकडे हेच सैनिक, हेच यात्रेकरू.
फासा स्टीलच्या वाटीतच टाकायचा,
नाहीतर तो मागाखाली जातो
आणि देशाचं भवितव्य
खराट्याच्या काडीनं बाहेर काढावं लागतं.

सध्या सुधारणा चालू आहेत.
तीनशे वर्षं (आमचे सात महिने)
घंटेला हात फक्त नऊ घराण्यांचा.
शास्त्र जुन्या बोलीत, ती कुणालाच कळत नाही,
आम्हालाही नाही,
आम्ही ती बनवलीच नाही,
‘जुनी बोली’ एवढंच लिहून ठेवलंय.

मेहजबीननं अकरा कलमं आणली,
शिलाईच्या वहीत, मापांच्या मधे मधे:
छाती छत्तीस, बाही नऊ,
कलम चार, व्यासपीठावर बाईनं चढावं,
कंबर तीस, पुढचा गळा सहा,
कलम सात, घंटा ज्याला ऐकू येते त्यानं वाजवावी.
शलमोनचा बाप खऱ्या चर्चमधे पेटी वाजवतो.
तो म्हणाला, ‘कलमं पास होतात बे.
खुर्च्या हलत नाहीत.’

माझ्या चिठ्ठीत म्हातारा महागुरू निघाला,
म्हणजे विरोध करणं आलं.
मी घसा साफ केला. म्हणालो,
‘लेकरांनो, घंटा जड असते.
तुम्हाला मान दिसतो, आमचे वाकलेले खांदे दिसत नाहीत.
थंडीत, तापात, पोरगं गेलं त्या रात्रीही
आम्ही उठलो, दोर ओढला.
हे ओझं तुमच्यावर टाकवत नाही मला.
तुमच्याच भल्यासाठी सांगतो.’

कुणी बोललं नाही.
राजेश्वरीनं, तिनं, मत फिरवलं.
फाशाची गरजही पडली नाही.
इरण्णा मांडीवर थाप मारून म्हणाला,
‘अंबादास, काय बोललास बे!’

कन्ना चौकापर्यंत मी खुशीत होतो.
मग सायकलवर एकदम आठवलं
हा आवाज कुणाचा.
बिडी कारखान्यातला मुनीम, मऊ, हळू,
आईच्या हजार बिड्यांतून दीडशे छाट काढताना
‘अक्का, मलाही वाईट वाटतं,
तुमच्याच भल्यासाठी सांगतो.’
मी शेजारी उभा असायचो, सुपाचा काठ धरून.
नक्कल करायला शिकत होतो, हे माहीत नव्हतं.

पाचव्या दिवसाचं पाणी रात्री अडीचला आलं.
बादल्या भरता भरता
महागुरूला मारून टाकावं असं ठरवलं,
वय झालंय, जिन्यावरून पडेल.
पण पिंप भरलं तेव्हा वाटलं,
तो मेला तर सुटला.

पुढच्या बैठकीत मी एवढंच मागितलं:
नवव्या, सगळ्यात लहान घंटेचा दोर
हातभर लांब करा.
खिडकीबाहेर लोंबू दे, गल्लीत.
‘नियम मोडायचा नाही,’ मी महागुरूच्या आवाजात बोललो,
‘पण रात्री कुणी ओढलाच,
तर मला अलीकडं ऐकू कमी येतं.’

मेहजबीननं माझ्याकडं बराच वेळ बघितलं.
‘हे कलम नाही,’ ती म्हणाली. ‘ही पळवाट आहे.’
‘हो,’ मी म्हणालो.
तिनं वही मिटली नाही, लिहिलंही नाही.
शलमोननं नकाशावर शिसपेन्सिलीनं
एक दोर काढला, मिठाच्या डोंगरापर्यंत,
लांबी जरा जास्तच झाली.
तेवढ्यात इरण्णानं दोन यात्रेकरू
चटणीला लावून खाल्ले.